घरातला जीर्णोद्धार: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या महिन्यात या सदरातून आम्ही सोलापूरकरांकडून जुन्या लाकडी वस्तूंबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं देव्हाऱ्याबद्दल होती. पॉलिश, सरस (लाकूड जोडायचा जुना, पाण्यानं सुटणारा गोंद), वाळवी यांच्याबरोबरच 'हे करावं का, कसल्या भावनेनं करावं' असंही अनेकांनी विचारलं आहे. त्यामुळे उत्तरं लाकूडकामाच्या आणि पूजाविधीच्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: आजेसासूबाईंचा अडीच फुटी सागवानी देव्हारा आहे. आतून काजळीचा आणि तेलाचा थर, बाहेरून कुणीतरी लावलेला सोनेरी ऑइलपेंट, कापूर लावतात तिथं लाकूड जळलेलं. एक कारागीर मशीननं घासून 'नवा करून देतो' म्हणतो. द्यावा का? आणि देव आत असताना काम चालेल का? (साखर पेठ)

मशीनला देऊ नका. घासणीच्या मशीनखाली कोरीव वेलीच्या कडा पाच मिनिटांत बोथट होतात आणि त्या परत येत नाहीत. सागाला कित्येक वर्षांत आलेला तांबूस-तपकिरी रंग फक्त वरच्या पातळ थरात असतो. तो गेला की खाली फिकट लाकूड उघडं पडतं, आणि मग ते लपवायला रंगीत पॉलिश मारावं लागतं. जीर्णोद्धार म्हणजे नवं करणं नाही. वर चढलेलं उतरवायचं आणि मूळचं राखायचं. देवळाच्या दगडी भिंतीवरचा ऑइलपेंट काढतात तेव्हाही हाच नियम असतो.

आता देवांविषयी. घरातले टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा यांची नेहमीसारखी पूजा करावी, 'जागा नीट करेपर्यंत इथं राहा' अशी प्रार्थना करून त्यांना स्वच्छ पाटावर वस्त्र घालून ठेवावं आणि रोजची पूजा तिथंच चालू ठेवावी. एवढं पुरेसं आहे. विधिवत प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती असेल, तर मात्र गुरुजींना विचारून कळाकर्षण (मूर्तीतलं देवत्व तात्पुरतं कलशात घेण्याचा विधी) करून घ्या. खंडित मूर्ती पुजू नये असा संकेत आहे. देव्हाऱ्याला तो लागू नाही, देव्हारा कितीही वेळा दुरुस्त करता येतो.

कामाला हात घालण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. घंटा, कड्या, बिजागऱ्या काढून प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर जागा लिहा. मऊ ब्रशनं सुकी धूळ काढा.

काजळी आणि तेल पाण्यानं निघत नाही. जुन्या सुती कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हलक्या हातानं पुसा आणि कापड काळं झालं की बदला. मग ८-१० रिठे रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून, त्यात बुडवलेलं कापड घट्ट पिळून एकदा फिरवा. लगेच कोरड्या कापडानं टिपा. कॉस्टिक सोडा किंवा फरशीचं ॲसिड लावू नका, सोड्यानं साग काळा पडतो.

कुंकवाच्या डागाला स्पिरिट लावण्याची घाई करू नका. हल्लीच्या कुंकवातला रंग स्पिरिटमध्ये विरघळतो आणि डाग बोटभर होता तो तळहाताएवढा होतो. आधी सुक्या ब्रशनं झाडा, मग टर्पेंटाइन. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, त्यासाठी तो भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन-तीन दिवस तासभर ठेवला तरी चालतो. समईखाली लाकडात मुरलेलं तेल काढायला चॉक पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून कणकेसारखा लगदा करा, डागावर ४-५ मिलिमीटर जाड थापा, वर प्लॅस्टिक झाका. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लगदा वाळू द्या, मग झाडा. जुन्या डागाला तीन-चार वेळा करावं लागतं.

सोनेरी पेंटबद्दल एक इशारा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून तो सुका घासून धूळ उडवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. अंगणात किंवा गच्चीच्या सावलीत, हातमोजे घालून पेंट रिमूव्हरचा जाड थर एकाच दिशेनं लावा. सोलापूरच्या हवेत तो चटकन सुकतो आणि काम करत नाही, त्यामुळे वर प्लॅस्टिक पसरा. १०-१५ मिनिटांत पेंट सुरकुततो. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं रेषांच्या दिशेनं उचला. कोरीव खाचांत बांबूची टोकदार काडी वापरा, लोखंडी खिळा नको. शेवटी थिनरच्या कापडानं पुसा, नाहीतर उरलेला रिमूव्हर नंतरचं पॉलिश उचलतो. खरवडलेला पेंट पिशवीत बांधून टाका, झाडांच्या कुंडीत नको.

जळलेली जागा धारदार पात्यानं कोळसा संपून तपकिरी लाकूड दिसेपर्यंत खरवडा. एक-दोन मिलिमीटरचा खड्डा राहिला तर राहू द्या, त्यावर पितळी तबकडी बसवा आणि कापूर यापुढे त्यावरच लावा. चपडीचं (लाखेचं) पॉलिश ७५-८० अंशांना मऊ होतं, तेव्हा निरांजनाखाली तबकडी हवीच.

हे सगळं चालू असताना त्या खोलीत समई, उदबत्ती, कापूर काहीही पेटवू नका. टर्पेंटाइन, थिनर, स्पिरिट या तिन्हींची वाफ पेट घेते.

प्रश्न: गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी यण्णीमज्जनाच्या दिवशी आमच्याकडे देव्हाऱ्यालाही खोबरेल लावायची पद्धत आहे. देव्हारा वर्षभर चिकट राहतो. पद्धत मोडावी का? (बाळीवेस)

मोडू नका, तेल बदला. संक्रांतीच्या सुमारास यण्णीमज्जनाला आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, त्या भावनेनं घरातल्या देवस्थानालाही तेल लागावं असं वाटणं साहजिक आहे. पण लिंगं दगडाची आहेत आणि तुमचा देव्हारा लाकडाचा. खोबरेल तेल कधीच वाळत नाही. ते पृष्ठभागावर राहतं, धूळ आणि काजळी धरतं, आणि तुमची 'चिकट' तक्रार तीच आहे. तिळाचं आणि शेंगदाण्याचं तेलही लाकडासाठी याच कारणानं बरं नाही.

लाकडाला वाळणारं तेल लागतं, म्हणजे जवसाचं. आधी वर दिल्याप्रमाणे टर्पेंटाइननं जुनं खोबरेल पूर्ण काढा. त्यावर जवसाचं तेल लावलं तर दोन्ही मिळून राप तयार होतो. मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळा. एवढ्या देव्हाऱ्याला १०० मिलिलिटर मिश्रण भरपूर होतं. कापडानं पातळ लावा, २० मिनिटं थांबा, आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढा. चूक इथंच होते. 'जास्त लावलं तर जास्त पोसेल' असं वाटतं, पण लाकूड आपल्याला हवं तेवढंच पितं. उरलेलं वर साचून डिंकासारखं होतं. दुसरा हात दोन दिवसांनी. संक्रांतीला वर्षातून एक पातळ हात लावला तर पद्धतही राहते आणि लाकूडही.

तेल पुसलेलं कापड चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि कापडाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. कापड पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळू द्या, मगच टाका.

प्रश्न: गावाकडच्या चार सागवानी खुर्च्या सगळ्या सांध्यांत हलतात. दोनदा खिळे मारले, फेव्हिकॉल ओतलं, सहा महिन्यांत पुन्हा तेच. (जुळे सोलापूर)

सांधा का निखळतो ते आधी पाहू. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर कोरडी हवा, मग पावसाळ्याची दमट. दरवर्षी कूस (दांडीचं खाचेत बसणारं टोक) खाचेत आकसते आणि फुगते, शेवटी सरस सुटतो. हे लाकडाचं वागणं आहे, दोष नाही. खिळा मारला की लाकडाची ती हालचाल अडते, मग कूस खिळ्यापाशी चिरते. खिळ्याला गंज चढतो, गंज फुगतो, चीर रुंद होते. आणि वरून ओतलेलं फेव्हिकॉल जुन्या सरसावर धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं.

म्हणजे सांधा पूर्ण उघडल्याशिवाय इलाज नाही. मनाच्या बाबतीतही सुटलेल्या नात्याला वरून खिळा ठोकून भागत नाही, हे या पत्राच्या निमित्तानं लिहावंसं वाटलं.

प्रत्येक पायाला आणि आडव्या दांडीला खडूनं जुळणारे आकडे घाला. खिळ्याच्या डोक्यावर सोल्डरिंगचं तापलेलं लोखंड मिनिटभर टेकवा, गंजाची पकड सुटते आणि खिळा पकडीनं सरळ ओढता येतो. सांध्यात इंजेक्शनच्या सिरिंजनं कढत पाणी सोडा, जुना सरस पाण्यानं मऊ पडतो. दहा मिनिटांनी लाकडी मोगरीनं, खाली कापडाची घडी ठेवून, हलके ठोके द्या. निघत नसेल तर पुन्हा पाणी. जोर लावला तर कूस तुटते आणि काम चौपट होतं.

उघडल्यावर जुना सरस ओल्या कापडानं काढा, फेव्हिकॉल पात्यानं खरवडा, आणि लाकूड दोन दिवस सावलीत वाळू द्या. कूस खाचेत सैल बसत असेल तर कुशीच्या दोन्ही गालांवर सागाच्या पातळ चिपा चिकटवून ती जाड करा. हातानं दाबून आत जावी आणि उलटी धरली तर पडू नये, एवढी घट्ट. मोगरीनं ठोकावी लागत असेल तर ती जास्त जाड झाली, खाच चिरेल.

जोडायला सरसच घ्या. फेव्हिकॉल वाईट नाही, पण पुढच्या पिढीला हा सांधा पुन्हा उघडावा लागला तर सरस पाण्यानं सुटतो, फेव्हिकॉलला पटाशी लावावी लागते. १०० ग्रॅम सरसाला २०० मिलिलिटर थंड पाणी, रात्रभर भिजत. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून ६०-६५ अंशांपर्यंत तापवा. उकळलं तर सरसाची ताकद जाते. ब्रशवरून अखंड धार पडेल इतका पातळ हवा. कुशीला आणि खाचेला दोन्हीकडे लावून लगेच बसवा. शिकंजा नसेल तर सुती दोरीचा वेढा घालून त्यात काठी अडकवून पीळ द्या. दोरीखाली गोणपाट ठेवा, कडा दबत नाहीत. मग बैठकीचे दोन्ही कर्ण मोजा. ३-४ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेनं दाबून सारखे करा. २४ तास हात लावायचा नाही. चार खुर्च्या एकाच दिवशी जोडायला काढू नका.

याच कारणानं आणखी एक गोष्ट. टेबलाच्या फळीत उन्हाळ्यात पडलेली फट एप्रिलमध्ये लांबीनं बुजवू नका. ती ऑगस्टमध्ये बरीचशी मिटते, आणि आत कडक भर असेल तर फळी फुगून चौकटच उखडते. आधी वर्षभर फट पाहा. बुजवायचीच असेल तर सागाची पट्टी एकाच बाजूला चिकटवा, दुसरी मोकळी ठेवा.

प्रश्न: आईच्या लग्नातली संदूक. खाली बारीक पावडर पडते. फेकावी लागेल का? (शुक्रवार पेठ)

आधी पावडर ओळखा. पिठासारखी मऊ असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. खसखशीसारखे दाणे असतील तर कोरडी वाळवी. मातीचे बोगदे असतील तर जमिनीतली वाळवी, आणि मग दोष भिंतीत किंवा फरशीत आहे, नुसत्या संदुकीला औषध लावून थांबणार नाही. दाणे किंवा पीठ असेल तर खाली काळा कागद अंथरून १५ दिवस थांबा. नवं काही पडलं नाही तर कीड जुनी आणि मेलेली आहे, उगाच औषध मारू नका.

जिवंत असेल तर सोलापूरचं ऊन इथं कामाला येतं. लाकूड गाभ्यापर्यंत ५५ अंशांच्या पुढे तापून काही तास राहिलं की अळ्या मरतात. संदूक रिकामी करा, सुती चादरीत गुंडाळा (घरातली जुनी सोलापुरी चादर उत्तम), वरून काळं जाड प्लॅस्टिक, सगळ्या कडा टेपनं बंद. चादर लाकडातला ओलावा एकदम जाऊ देत नाही, त्यामुळे फळ्या तडकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये सकाळी ११ ते ४ गच्चीवर ठेवा, विटांवर, तासातासानं बाजू बदलत. आतल्या सर्वांत जाड भागाला थर्मामीटर लावून आकडा बघा, अंदाजावर जाऊ नका. असे तीन दिवस. आरसा, रंगवलेली चित्रं किंवा चिकटवलेला पातळ पत्रा असेल तर हा उपाय करू नका, सगळं सुटून येईल.

नंतर आतल्या बाजूच्या उघड्या लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) ६० ग्रॅम आणि बोरिक पावडर ४० ग्रॅम १ लिटर गरम पाण्यात विरघळवून दोन हात द्या. पॉलिशवरून ते आत जात नाही. कपडे ठेवण्याआधी पूर्ण वाळवून कागद अंथरा. पोखरलेला भाग बहुधा फिकट रंगाचा बाहेरचा थर असतो, सागाचा गाभा कीड सहसा सोडते. तेवढी पट्टी बदलली की संदूक पुढची कित्येक वर्षं चालेल.

प्रश्न: वडील गेले त्याला आठ महिने झाले. त्यांची वेताची आरामखुर्ची रोज थोडी थोडी दुरुस्त करतो. त्या वेळात मन जसं लागतं तसं जपातही लागत नाही. याला साधना म्हणावं की वस्तूची आसक्ती? शिवाय वेत बसून पोत्यासारखा झाला आहे. (निवृत्त शिक्षक, रेल्वे लाईन्स)

वेताचं आधी. वेत तुटलेला नसेल तर बदलू नका. खुर्ची उलटी करून खालच्या, चकाकी नसलेल्या बाजूनं कढत पाण्यात भिजवलेलं कापड अर्धा तास ठेवा. मग खुर्ची सरळ करून सावलीत वाऱ्याला दोन दिवस, त्यावर कुणी बसायचं नाही. वाळताना वेत आकसतो आणि ताणला जातो. दोन-तीन धागेच तुटले असतील तर तेवढेच विणता येतात, पण भोकाभोवती रांगच तुटली असेल तर पूर्ण नवं विणकाम.

हाताच्या दांडीवर जिथं वडिलांचा हात असायचा तिथलं पॉलिश झिजून लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालं असेल. ती जागा घासू नका. रिठ्याच्या पाण्याचं पिळलेलं कापड फिरवा, वाळल्यावर पातळ मेण लावा. बाकी दांडीला पॉलिश करताना तिथं हात थांबवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आपल्याच गावातल्या परंपरेत याला शब्द आहे. बाराव्या शतकातल्या शरणांनी (बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शिवभक्तांनी) हातानं प्रामाणिकपणे केलेल्या कामाला कायक म्हटलं आणि ती पूजाच मानली. सिद्धरामेश्वरांची ओळखही तळं खोदवणारे शिवयोगी अशीच आहे. त्यामुळे पॉलिशच्या बोळ्यावर मन एकाग्र होतं याचा अपराध वाटून घेऊ नका. जपात मन लागत नाही आणि लाकडात लागतं, यात आश्चर्य नाही. लाकूड लगेच उत्तर देतं. घाई केली तर ओरखडा उठतो, थांबलात तर रेषा दिसू लागतात. दुःखात असलेल्या माणसाला असं उत्तर देणारं काहीतरी हातात लागतं.

आसक्ती आहे का, हे मात्र खुर्ची पूर्ण झाल्यावर कळेल. शरणांनी कायकाच्या शेजारी दासोह ठेवला, म्हणजे कामाचं फळ इतरांच्या उपयोगी लावणं. खुर्ची दुरुस्त होऊन कोपऱ्यात दोरी बांधून ठेवलीत आणि नातवाला 'बसू नकोस' म्हणालात, तर ती वडिलांची वस्तू झाली पण खुर्ची राहिली नाही. तिच्यावर घरातलं कुणीही दुपारी पेपर वाचत झोपी गेलं, तर काम योग्य ठिकाणी पोचलं. जपही सोडू नका. काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं तिथंच बसून करा, हळूहळू एकात लागलेलं मन दुसऱ्यातही लागतं.

आणि एखाद्या दिवशी खुर्चीकडे बघवणार नाही. त्या दिवशी काम करू नका. सरस वाट बघत नाही, पण लाकूड बघतं.

प्रश्न: श्रावणात सत्यनारायण आहे. त्याआधी चौरंगाला चपडीचं पॉलिश घरी करता येईल का? मागच्या वेळी केलं तेव्हा पांढरट पडलं. (विजापूर रोड)

पांढरट पडलं कारण हवा दमट होती. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि चपडीत अडकते. म्हणून जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी काम उरका. तेव्हा जमलं नाही तर पावसानं चार-पाच दिवस उघडीप दिल्यावर, दुपारी १२ ते ४ मध्ये करा. ढगाळ संध्याकाळी नको.

१ लिटर स्पिरिटमध्ये २५० ग्रॅम चपडी, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत. लोखंडी डब्यात काळपट होते. दिवसभर अधूनमधून हलवा, मग मलमलीतून गाळा. चौरंगाला पाव लिटर पुरतं, तेवढंच करा, कारण विरघळलेली चपडी सहा महिन्यांनी नीट कडक होत नाही. शंका असेल तर काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नखाला चिकटला तर ती बरणी टाकून द्या.

जुना पांढरट थर स्पिरिटच्या ओल्या कापडानं उतरवा. लाकूड २२० नंबरच्या कागदानं रेषांच्या दिशेनं हलकं घासा. कापसाचा बोळा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्यात बांधा. टॉवेलचं कापड नको, धागे सुटतात. पहिले दोन हात निम्म्यानं पातळ करून द्या. बोळा चौरंगावर थांबवायचा नाही, विमान उतरावं तसा येऊन पुढे निघून जावा. थांबला की खालचा थर उचलतो. दोन हातांत अर्धा तास, असे सहा-सात. तिसऱ्या हातापासून बोळा ओढू लागला तर त्यावर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. शेवटच्या हातानंतर आठवडाभर चौरंगावर काही ठेवू नका.

पूजेच्या दिवशी कलश थेट ठेवू नका, खाली तांदूळ आणि त्याखाली ताम्हन किंवा जाड केळीचं पान असू द्या. तरीही गोल डाग उठला तर त्याचा रंग बघा. पांढरा डाग फक्त पॉलिशमध्ये असतो, स्पिरिटनं जेमतेम ओला केलेला बोळा दोन-तीनदा भरभर फिरवला की जातो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो, पाणी आणि लोखंड सागाच्या रसाशी मिळून तो होतो. त्याला तेवढ्या भागाचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिड, १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम, ब्रशनं लावून २० मिनिटांनी स्वच्छ पाण्यानं तीनदा पुसावं लागतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, आणि वाळल्यावर ती जागा सुकी घासू नका. पूजेच्या आदल्या दिवशी हे काढू नका. चौरंगावर वस्त्र अंथरून पूजा होऊ द्या, डाग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढा.